मागे ठेवलेली पिन

१

"आंटी याप, चोरी झालीय! आणि चोर अजून माझ्या दुकानातच आहे," चुआ बून टेकने फोनवर बोंब ठोकली.

मी नुकतीच कोपी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, मागवली होती. ती तशीच टेबलावर सोडून उठले. मलाक्काच्या या चिनी गल्लीत पर्यटक पोलीस म्हणून माझा जन्म गेला. गुडघे गेले, निवृत्ती दाराशी आली, पण एकदाही कोपी गरम असताना संपवल्याचं मला आठवत नाही.

बून टेकचं दुकान बाहेरून पाहिलं तर इतरांसारखंच. कागदी पंखे, लाकडी खडावा, मण्यांच्या चपला, गावाचं नाव छापलेल्या पिशव्या. परदेशी माणूस घासाघीस करून यातलं काहीतरी नेतो आणि खूश होतो. आत काचेच्या कपाटात मात्र खरा जुना माल असतो. त्या कपाटासमोर बून टेक कपाळाला हात लावून उभा होता.

"बघा," त्याने मखमलीचा ट्रे पुढे केला. "आई गेली. एक मूल गेलं."

आमच्याकडच्या नोन्या, म्हणजे इथल्या जुन्या चिनी घराण्यांतल्या बायकांच्या केबाया झंपराला बटणं नसतात. तो समोरून हिरे जडवलेल्या तीन सोन्याच्या पिनांनी मिटायचा. वरची मोठी बदामाच्या आकाराची, तिला 'आई' म्हणतात. खालच्या दोन लहान गोल, ती 'मुलं'. ट्रेमध्ये तीन खळगे होते आणि एकाच खळग्यात एक लहान पिन चमकत होती.

"एक ठेवली?" मी विचारलं.

"चोरसुद्धा अर्धवट निघाला! तिन्ही मिळून संच होतो. एक मागे राहिली की उरलेल्या दोघींना कोण विचारतो? अक्कल नको चोराला?"

"या बिबिक सॉ इमच्या ना?"

बून टेकने नजर चुकवली. "होत्या. मला विकल्या होत्या त्यांनी. रीतसर."

मला सगळं ठाऊक होतं. बिबिक म्हणजे आमच्याकडची मानाची म्हातारी नोन्या. नवरा आजारी पडला तेव्हा म्हातारीने पिना याला दिल्या होत्या आणि एकच शब्द घेतला होता, मी जिवंत असेपर्यंत काचेत मांडायच्या नाहीत. बून टेक शब्दाला जागला, अगदी तंतोतंत. म्हातारी गेली आणि पुढच्याच आठवड्यात पिना काचेत आल्या.

"कोण होतं दुकानात?"

"मी, हा डच गिऱ्हाईक, चपला द्यायला आलेली गेक लान, आणि ही." त्याने गल्ल्याकडे हनुवटी उडवली. तिथे त्याची नोकर पो सुआन बसली होती. विधवा बाई, दुकानाच्याच माडीवर एका खोलीत राहते. "कपाटाची किल्ली हिच्याकडे. मी हिला सांगितलंय, अंधार पडायच्या आत पिना आल्या नाहीत तर खोली रिकामी कर आणि चालती हो."

"मी घेतल्या नाहीत," पो सुआन म्हणाली. रडत नव्हती. इतकी दमलेली दिसत होती की रडायचंही त्राण नसावं.

"मग काय पिनांना पाय फुटले?"

माझ्या शिपायाने पुरुषांची झडती घेतली, बायकांची मी. पिशव्या उलट्या केल्या, पंख्यांचे गठ्ठे सोडले, चपलांत हात घातले. हाती काही लागलं नाही. दुकानातून कोणी पळालं नव्हतं आणि पिना दुकानात नव्हत्या.

२

झालं होतं ते असं. बून टेक डच माणसाला ट्रे दाखवत होता. तेवढ्यात बाहेर एक सायकलरिक्षा, बाहुल्या-दिवे लावून कर्कश गाणी वाजवत फिरते ती, एका दुरियानच्या गाडीवर आदळली. फळं गडगडत गटारात गेली, दोघे एकमेकांच्या आयाबहिणी काढू लागले आणि सगळी गल्ली तमाशा बघायला पडवीत जमली. बून टेक धावला. त्याच्या मागे गिऱ्हाईक धावलं.

"मीही गेले," पो सुआन म्हणाली. "कपाट उघडंच राहिलं. चूक माझीच. पण आंटी, मी चोर असते तर तिन्ही नेल्या नसत्या का? मला एवढं तरी कळतं."

"कळतं म्हणूनच एक ठेवली असशील, संशय नको म्हणून," बून टेक गुरगुरला.

"तू गप रे," मी म्हटलं. "मघापासून तुझंच ऐकतेय."

डच माणसाचं नाव बास्तियान. चांगला ताडमाड, नाकावर ऊन लागून सोललेलं, डोक्यावर आमच्याच गल्लीतली वेताची टोपी. याच्या पूर्वजांनी आमचं गाव फुकट घेतलं होतं. हा बिचारा प्रत्येक चमच्याचे पैसे मोजतो. दरवर्षी येतो, मोडकीतोडकी मलय बोलतो आणि हस्तकला, हस्तकला म्हणून डोकं खातो.

"बाई, मला ट्रेमधलं नकोच होतं," तो म्हणाला. "मला शेजारच्या दुकानातला तो कागदाचा झंपर हवाय. काय काम आहे! पण तो म्हातारा विकत नाही. मी दुप्पट देतो म्हटलं, तर त्याने माझ्यावर झाडू उगारला."

"नशीब समजा, नुसता उगारला."

"आणि कामात हयगय पण करतो. सकाळी त्या झंपराला छान तीन पिना होत्या. आत्ता तुमच्या झडतीच्या वेळी दारातून बघितलं तर दोनच. मधली आणि वरची. खालची गळून पडली असेल. पण उरलेल्या दोन काय चमकत होत्या! सोनेरी कागद मी पण वापरतो, मला नाही जमत असं."

"बरं बरं," मी म्हटलं आणि पुढे गेले. माझं डोकं ठणकत होतं आणि या माणसाचं हस्तकलापुराण ऐकायला मला उभं राहवत नव्हतं.

देवाशप्पथ सांगते, त्याच क्षणी त्याने चोरी उलगडून माझ्या हातात दिली होती.

३

शेजारचं दुकान इंग वाय ओनचं. भिंतीला भिंत, मागचं अंगणही एकच. वाय ओन मेलेल्यांसाठी कागदाच्या वस्तू करतो. घर, गाडी, पंखा, कपडे. विधीच्या दिवशी त्या जाळायच्या, म्हणजे वरच्या माणसाला पोचतात. परदेशी लोकांना ते खेळण्यासारखं वाटतं. आमच्यातलं कोणी त्या दुकानासमोरून जाताना रेंगाळतसुद्धा नाही.

तिथेही शिपायाने शोध घेतला होता. कोपऱ्यात बांबूच्या चौकटीवर एक पूर्ण पोशाख टांगला होता, वर पांढरा कागद अर्धवट टाकलेला आणि चौकटीला नावाची पट्टी, बिबिक सॉ इम. शिपाई तिकडे वळला तशी मीच ओरडले होते, "त्याला हात लावू नकोस!" त्यावर मेलेल्या बाईचं नाव लिहिलेलं. ते आता तिचं झालं. मी तर नीट बघितलंही नाही. लहानपणापासून नजर आपोआप वळते आमची.

"आज संध्याकाळी जाळायचंय," वाय ओन डिंकाचे हात पुसत म्हणाला. "गेक लानने आईसाठी सगळं करून घेतलंय. हातगाडी येईल एवढ्यात. आणि त्या लाल नाकाच्या डचाला सांगून ठेवा, परत आला तर खरंच झाडू घालीन. मेलेल्या बाईचा झंपर हा आपल्या बैठकीच्या खोलीत टांगणार म्हणे!"

"रिक्षाचं भांडण झालं तेव्हा तू कुठे होतास?"

"पडवीत. सगळे होते तिथेच. गेक लान तेवढी आईचं सामान बघायला मागच्या अंगणातून आत गेली होती. बिचारीचा जीव त्यातच अडकलाय."

"काय काय आहे सामानात?"

"पोशाख, पानाचा डबा, मण्यांच्या चपला. आणि एक पतंग." वाय ओन हसला. "पतंग तिच्या भावासाठी. आई तिकडे चाललीच आहे तर म्हणे पोराला घेऊन जाऊ दे. पण वेडीच आहे गेक लान. काल आईच्या चपलांबरोबर स्वतःचाही जोड ठेवत होती, आईला माझी आठवण राहावी म्हणून. मी उचलून फेकला. म्हटलं, बाई, जिवंत माणसाची वस्तू या आगीत घालतात का? स्वतःहून मरण बोलावशील!"

मी गेक लानच्या घरी गेले. गल्लीच्या टोकाला ती मण्यांच्या चपला शिवते. मोहरीएवढे मणी, एकेक सुईने ओवायचा. देव्हाऱ्यात बिबिकचा फोटो होता आणि शेजारी सहा-सात वर्षांच्या मुलाचा, पिवळा पडलेला. तिचा थोरला भाऊ. तापाने गेला. मला तो अंधुक आठवतो, आमच्या छपरावर त्याचा पतंग अडकायचा.

"झडतीत माझ्याकडे काही मिळालं नाही ना, आंटी?" गेक लान म्हणाली. डोळे सुजलेले, हात मात्र मणी निवडत होते.

"नाही मिळालं."

"मग पो सुआनला बून टेक खरंच काढणार?"

"अंधार पडला की."

तिच्या हातातली बशी कलंडली आणि मणी फरशीवर सांडले. ती वाकून गोळा करू लागली. मी म्हटलं, सुतकातली बाई आहे, लक्ष कुठून असणार. उठले आणि निघाले.

४

परत कोपीच्या टपरीवर येऊन बसले. ऊन उतरत होतं. समोरच्या दुकानात पो सुआन माडीवरून एक गाठोडं खाली आणताना दिसली. गाठोडं लहानच होतं. एका माणसाचं सगळं बिऱ्हाड एवढ्यात मावतं, हे बघून मला भडभडून आलं. स्वतःचा रागही आला. एवढी वर्षं वर्दी घातली आणि एका दुपारी दोन पिना सापडत नाहीत!

पुरावा म्हणून ठेवलेली ती लहान पिन मी खिशातून काढून टेबलावर ठेवली.

बून टेकचं म्हणणं, चोर अर्धवट. मला पटत नव्हतं. तीन वस्तू एकाच ट्रेमध्ये, एकाच मुठीत येणाऱ्या. घाईत हात मारणारा तिन्ही उचलतो. एक मागे ठेवायची तर ती निवडून ठेवावी लागते. म्हणजे चोराला ती नकोच होती. का नको? विकायच्या असत्या तर तिन्ही हव्या होत्या. म्हणजे विकायच्याच नव्हत्या.

आई आणि एक मूल नेलं. एक मूल ठेवलं.

आई तिकडे चाललीच आहे तर पोराला घेऊन जाऊ दे.

जिवंत माणसाची वस्तू या आगीत घालतात का?

मी पिन उचलून ताडकन उठले. गुडघा कळवळला, ग्लास आडवा झाला. सकाळी तीन, आत्ता दोन, आणि काय चमकत होत्या! काखेत कळसा नि गावाला वळसा! सबंध गल्ली पालथी घातली आम्ही, आणि सोनं कोपऱ्यात उघड्यावर टांगलेलं होतं, जिथे कोणी आपला माणूस हात लावणार नाही अशी गेक लानची खात्री होती. हात लावू नका असं ओरडणारीही मीच.

वाय ओनच्या दुकानात धावले. टेबलाखाली कागदाच्या कपट्यांत सोनेरी कागदाच्या तीन पिना पडल्या होत्या, ओरबाडून काढलेल्या.

कोपरा रिकामा होता.

"हातगाडी मघाशीच गेली," वाय ओन म्हणाला. "एव्हाना पेटवलंही असेल."

५

देवळामागच्या मोकळ्या जागेत पोचेपर्यंत माझा जीव अर्धा झाला होता. पेटवलं नव्हतं अजून. पुजारी मंत्र म्हणत होता, चार नातेवाईक पांढऱ्या-निळ्या कपड्यांत उभे होते. मधोमध ढिगावर तो झंपर पसरलेला, आणि आज पहिल्यांदा मी त्याच्याकडे नीट पाहिलं. छातीवर सोन्याचा बदाम होता. त्याखाली एक गोल. आणि त्याखालची जागा मोकळी.

मी गेक लानच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"खालची जागा तुझी, होय ना?" मी हळूच विचारलं.

ती दचकली नाही. "हो, आंटी."

"पो सुआन तिकडे गाठोडं बांधून बसलीय."

"मी उद्या सकाळी तुमच्याकडे येणारच होते. खरंच. आज एवढं होऊ दे, मग मला बेड्या घाला."

"आणि आजची रात्र ती कुठे काढणार होती? पडवीत?" माझा आवाज चढला तसा पुजाऱ्याने एक डोळा उघडला. "तुझ्या आईला दागिना हवा म्हणून दुसऱ्या बाईचं छप्पर जाळशील?"

मग ती रडली. तोंडावर बाही दाबून, आवाज न करता. "आई शेवटी शुद्धीत नव्हती. छातीवर हात फिरवायची. सारखं म्हणायची, माझा झंपर उघडा पडलाय, पिना कुठायत, पोरं कुठायत. मी काय सांगू तिला? ती गेल्यावर बून टेकच्या पाया पडले, एक दिवसासाठी द्या म्हटलं. तो म्हणाला, गिऱ्हाईक यायचंय. आंटी, ती वर उघड्या झंपराने कशी जाईल सगळ्यांसमोर?"

मला काय करायचं ते स्पष्ट होतं. पुढे होऊन दोन पिना काढायच्या, शिपायाला बोलवायचं. चोरी ती चोरी. पाय मात्र हलेनात. बिबिक सॉ इमने मला लहानपणी कितीदा तरी खाऊ दिला होता आणि तिच्या छातीवरचा तो बदाम मी तेव्हा जवळून पाहिला होता. ती झंपर उघडा पडलाय म्हणत गेली, हे मला सहन झालं नाही.

पुजाऱ्याने काडी ओढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"लावा," मी म्हटलं.

गेक लानने माझा दंड घट्ट धरला. पतंग आधी पेटला. मग बाही, मग गळा. कागद काय, बघता बघता गेला. ज्वाळा उतरल्या आणि राख लालसर धुमसत राहिली.

"आता चिमटा आण," मी तिला म्हटलं. "सोनं कागदाच्या आगीत जळत नाही, वेडे. तुझ्या आईला पोचायचं ते पोचलं. उरलं ते बून टेकचं आहे."

६

दुकानाच्या दारात बून टेक आणि पो सुआन दोघंही उभे होते, ती गाठोडं हातात घेऊन. बास्तियान अजून तिथेच, एका पंख्यासाठी घासाघीस करत.

मी रुमाल उलगडून गल्ल्यावर ठेवला. बदाम काळवंडला होता, गोल पिनेतला एक हिरा धुरकट झाला होता. पण दोन्ही अख्ख्या होत्या. लहान पिन मी शेजारी ठेवली.

"मिळाल्या!" बून टेक पुढे झेपावला. "कुठे होत्या?"

"बिबिक सॉ इमच्या झंपरावर. आत्ताच राखेतून काढल्या."

त्याचा हात हवेतच थांबला.

"तिच्या... नावाच्या आगीतून?"

"तिच्या नावाच्या."

"मी घेतल्या होत्या," गेक लान म्हणाली. आणि पो सुआनकडे वळून कमरेत वाकली, खूप खाली. "तुझ्यावर आळ आला आणि मी गप्प बसले. मला माफ करू नकोस."

पो सुआनने तिच्याकडे पाहिलं. मग गाठोडं खाली ठेवलं.

"मस्त! राखेतली खूण असलेल्या!" बास्तियान पुढे वाकला. "मी घेतो. बोला किंमत."

बून टेकच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला स्पष्ट दिसलं. त्याने पिनांकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहिलं, बोट पुढे केलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"विका ना, बून टेक कोह," पो सुआन म्हणाली, अगदी शांतपणे. "फक्त विकेपर्यंत कपाटात तुम्ही ठेवा, तुमच्या हाताने. किल्ली पण आज रात्री तुमच्याचकडे राहू दे. बिबिक आपला दागिना शोधत आल्या तर दार मी का उघडू?"

बून टेक पांढरा पडला. परदेशी माणसाला आग म्हणजे आग. पण मेलेल्याला पोचवलेली वस्तू परत घेऊन विकायची, म्हणजे थेट त्याच्या अंगावरून ओरबाडायची. आमच्या गल्लीतला कुठलाही माणूस एवढा लोभी नाही. निदान काळोख पडताना तरी नाही.

"घेऊन जा!" तो गेक लानवर ओरडला. "घेऊन जा ते माझ्या दुकानातून! तिन्ही घेऊन जा, मला एक कशाला? आणि त्या डचाला कोणीतरी बाहेर काढा!"

"म्हणजे तक्रार मागे?" मी विचारलं.

"कसली तक्रार! चोरी झालीच नाही! पो सुआन, उभी काय राहिलीस, ते गाठोडं वर ठेव आणि उदबत्ती लाव. मोठी लाव."

पो सुआन माडीवर गेली. तिच्या पावलांचा आवाज वरच्या फळ्यांवर एकदाच फिरला आणि थांबला. बसली असेल बिचारी.

गेक लानने दोन काळ्या पिना रुमालात गुंडाळल्या. त्या आता देव्हाऱ्यात, दोन फोटोंसमोर राहतील. तिसरी ती हातात धरून बसली.

"ही कुठे ठेवू, आंटी?"

"ठेवायची कशाला? तुझी आहे ना? लाव."

तिने ती आपल्या सुताच्या सदऱ्याला लावली, गळ्याच्या खाली. एका पिनेने कुठलाच केबाया मिटत नाही, पण तिने बोटांनी दोनदा चाचपून बघितली.

"पोचलं असेल ना तिला?" तिने विचारलं.

"पोचलं," मी म्हटलं. "झंपर मिटला असेल आता तिचा."

टपरीवर गेले तर टपरीवाल्याने माझी सांडलेली कोपी पुसून दुसरी आणून ठेवली होती. तीही गार झाली होती. प्यायले.